कुर्ल्याची गाडी, लंडनचा अंक

आमच्या घरात मोटार यायच्या कितीतरी आधी मोटारींची नियतकालिकं आली. मोठे मामा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या टूलरूममध्ये होते. पगार झाला की येणाऱ्या शनिवारी ते बोरीबंदरला उतरायचे, फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे गठ्ठे उपसत बसायचे आणि चार-आठ आण्यांना विलायती अंक घेऊन यायचे. ‘द ऑटोकार’, ‘द मोटर’, ‘मोटर स्पोर्ट’. कुठल्या तरी क्लबातून नाहीतर बोटीवरच्या साहेबाच्या केबिनमधून उतरलेले, वर्ष-दोन वर्षं शिळे झालेले हे अंक मे महिन्यात लोखंडी ट्रंकेत बसून कोल्हापूरला येत. मामींची लुगडी पिशवीत आणि अंक ट्रंकेत, अशी त्यांच्या संसाराची विभागणी होती. आजी दर वर्षी विचारायची, "अरे, गाडी घ्यायची ऐपत नाही, मग हे वाचून करतोस काय?" मामा म्हणायचे, "आई, तू रामायण ऐकतेस ते लंकेला जायचंय म्हणून का?"

मामांच्या तरुणपणी देशात नवी मोटार घ्यायची म्हटलं तर निवड जवळजवळ तीन नावांत आटपायची. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसॅडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. रोख पैसे मोजायची तयारी असली तरी आधी नाव नोंदवायचं आणि मग वर्षानुवर्षं थांबायचं. नंबर लागलेल्या माणसाकडे आळीतले लोक पेढे मागायचे. गाडी दाराशी लागते न लागते तोच ती जास्त पैशांनी मागणारं गिऱ्हाईक हजर व्हायचं, कारण जुनी गाडी आज मिळत होती आणि नवीसाठी पुन्हा रांग होती.

अशा देशात मामा दर आठवड्याला निघणारा ‘ऑटोकार’ वाचत होते. हे नियतकालिक 1895 सालचं. ते सुरू झालं तेव्हा इंग्लंडात मोटारीपुढे माणसाने चालत जायचं, असा कायदा होता. तो रद्द व्हायला आणखी वर्ष लागलं. 1928 पासून ‘ऑटोकार’ने गाडी स्वतः चालवून, मोजून, आकडे छापायची पद्धत पाडली. उभ्या गाडीने ताशी साठ मैलांचा वेग किती सेकंदांत घेतला, गॅलनला किती मैल दिले, वळायला किती फूट जागा लागली. मामांचा जीव या आकड्यांत. एका लांबट हिशेबाच्या वहीत त्यांनी ते सुबक देवनागरी अंकांत उतरवून घेतले होते. जॅग्वार आणि ऑस्टिन-हिली यांच्यात अर्ध्या सेकंदाचा फरक का, यावर ते मेव्हण्यांशी रात्री उशिरापर्यंत वाद घालायचे. वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही जॅग्वारला हात लावलेला नव्हता. सकाळी सगळे एसटीने आपापल्या गावी जायचे.

आजोबांचा मोटारींशी संबंध याहून जुना आणि जास्त धुराचा. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर धावली. त्याआधी गावोगावी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा या सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसल्या. पिंपात लोणारी कोळसा पेटवायचा आणि हवा जेमतेम लागू द्यायची. मग कोळसा पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो वायू थंड करून, गाळून इंजिनाला पाजायचा. पहाटे क्लीनर हाताने पंखा फिरवत बसायचा. भट्टी धरली की गाडी निघायची, पण पेट्रोलच्या गाडीचा जोर तिला नसायचा. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. "तिकीट काढायचं आणि ढकलायचं," आजोबा सांगायचे. धोतरावर ठिणग्यांची भोकं पडायची, पण सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. त्यांच्या लेखी मोटार हा प्रवासात करायच्या कष्टांचाच एक प्रकार होता.

मामांची गोष्ट मात्र नेहमी वालचंदांपासून सुरू व्हायची. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म 1882 चा. रेल्वेचे ठेकेदार म्हणून वर आलेले. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कामं त्यांच्या कंपनीने केली होती, हे मामा हमखास सांगायचे, कारण पुढे त्यांच्या गाड्या त्याच घाटात धापा टाकणार होत्या. मोटारीचा कारखाना इथे उभा राहावा, हे स्वप्न इंजिनिअर विश्वेश्वरय्या आणि वालचंद दोघांचं. विश्वेश्वरय्या त्यासाठी डेट्रॉइटपर्यंत जाऊन आले होते. मुंबई इलाख्यात खेरांचं मंत्रिमंडळ या योजनेला अनुकूल होतं. पण 1939 मध्ये युद्ध पेटलं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि इंग्रज सरकारने या कारखान्याला हात दिला नाही. वालचंद थांबले नाहीत. बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजांची गोदी काढली. आणि मोटार, जिच्यासाठी सगळी धडपड सुरू होती, ती सगळ्यांत शेवटी आली. 1944 मध्ये प्रीमियर कंपनी निघाली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला, आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या.

तेव्हा मुंबईत मोटारी जोडणारे आणखीही होते. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना 1928 पासूनचा. परदेशातून पेट्यांत सुटे भाग यायचे आणि इथे ते जोडले जायचे. 1953 मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांना इथे खरोखर गाडी बनवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी आवरतं घ्यावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. शिवडीत काम केलेले काही कारागीर पुढे मामांच्या शेजारी बेंचवर आले. ब्यूइकच्या दाराचा बंद होतानाचा आवाज ते तोंडाने काढून दाखवायचे म्हणे. मामांचं या निर्णयाबद्दलचं मत दर वर्षी बदलायचं. कधी म्हणायचे, "म्हणून तर आम्ही शिकलो." कधी म्हणायचे, "म्हणून तर आम्ही तिथेच राहिलो." मला विचाराल तर दोन्ही खरं आहे.

1953 मध्येच वालचंद गेले. त्याच वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नवी 1100 मांडली, आणि पुढच्या वर्षी ती कुर्ल्यात आली. गोल पाठ, नाकाड पुढे आलेलं, म्हणून लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं आणि त्याच नावाने लाड केले. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या बाजूला. नऊवारी नेसलेल्या बायकांना चढा-उतरायला ती सोयीची, असं आजीचं म्हणणं. चालत्या गाडीत दार सुटलं तर वाऱ्याने सताड उघडेल, असं मामांचं म्हणणं. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं येत गेली. 1964 च्या डिलाइटपासून दारं सरळ झाली. सत्तरीच्या दशकात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन तेच 1089 सीसीचं, गिअरचा दांडा तसाच स्टिअरिंगखाली. पुढे उभ्या जन्मात या गाडीने नावं बदलली तितका स्वभाव बदलला नाही.

आता त्या अंकाबद्दल सांगायलाच हवं, ज्याची आम्ही भाचरं वाट बघायचो. ‘मोटर स्पोर्ट’चा जून 1955 चा. त्यात डेनिस जेन्किन्सन नावाच्या दाढीवाल्या, बुटक्या पत्रकाराने लिहिलेली हकिकत होती. इटलीत मिले मिलिया नावाची हजार मैलांची शर्यत व्हायची, ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया, नेहमीच्या रस्त्यांवरून, गावांच्या मधून. 1955 ला स्टर्लिंग मॉस हा इंग्रज मर्सिडीज चालवत होता आणि हे जेन्किन्सन त्याच्या शेजारी बसले होते. गाडीवर 722 आकडा, कारण ती सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी सुटली. जेन्किन्सननी आधी फेऱ्या मारून वाटेवरचं प्रत्येक वळण, प्रत्येक उंचवटा टिपून ठेवला होता. अठरा फूट लांब कागदाची गुंडाळी करून ती खिडकी असलेल्या डबीत बसवली होती. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येणं शक्य नाही, म्हणून डबीतला कागद पुढे सरकवत ते हाताच्या खुणा करत होते. पुढच्या उंचवट्यापलीकडे रस्ता सरळ आहे अशी खूण झाली की मॉस पलीकडचं काही दिसत नसताना गाडी तशीच सोडायचा.

गच्चीवर गाद्या घातल्या की मामा ही गोष्ट शाहिराने पोवाडा रंगवावा तशी रंगवायचे. हातवारे करताना त्यांच्या बनियनची बाही खांद्यावरून घसरायची. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद हा मॉसला लागलेल्या वेळेचा शेवटचा आकडा आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. मग मामा जरा थांबून म्हणायचे, "आणि त्या शर्यतीत आपली 1100 पण पळत होती बरं का. आपलीच." इटलीतल्या कित्येक हौशी चालकांनी त्या वर्षीही 1100 पळवली होती, हे खरंच आहे. कुर्ल्याच्या टूलरूममधल्या माणसाला त्यातलं अर्धं श्रेय घ्यायचा हक्क होता, असं आम्हांला तेव्हा वाटायचं आणि मला आजही वाटतं.

याचा एक परिणाम मामींना भोगावा लागला. एका वर्षी मामांनी मित्राची गाडी मागून आणली आणि मुंबई-कोल्हापूर प्रवास जेन्किन्सनच्या पद्धतीने करायचं ठरवलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात दोन पेन्सिली आणि त्यांच्यावर गुंडाळलेली कागदाची लांब पट्टी. पट्टीवर बोरघाट, कात्रज आणि खंबाटकीची वळणं. डबा मामींच्या मांडीवर. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी सगळे थांबायचे तसे तेही थांबले. घाटाची वाट दाखवणारा तो धनगर. त्याच्यापुढे नाणं टाकल्याशिवाय जुना ड्रायव्हर पुढे जात नाही. तिथून निघाल्यावर पहिल्याच वळणाला मामींनी उजव्याऐवजी डावीकडची खूण केली आणि मामा म्हणाले, "अहो, रस्ता मला दिसतोय!" मग मामींनी विचारलं, "मग मी कशाला दाखवतेय?" याचं उत्तर मॉसच्या हकिकतीत नव्हतं. खंबाटकीला गाडी थंड होईपर्यंत त्या पट्टीच्या पाठीमागे किराण्याची यादी लिहून झाली होती.

घाटात तेव्हा सगळ्याच गाड्या तापायच्या. उन्हाळ्यात बोरघाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हे नेहमीचं दृश्य. रेडिएटर उकळायचा ते दिसायचं तरी. खरी पंचाईत दुसरी होती. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. टाकी भरलेली, तरी इंजिन उपाशी. त्यावर उपाय एकच, ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत वाफेचं पुन्हा पेट्रोल झालेलं असायचं. गाडीत पाण्याचा डबा, फडकं, फॅनबेल्ट, प्लग आणि पान्ह्यांचं पुडकं नसलेला माणूस अडाणी समजला जायचा. बॅटरी उतरली तर हँडल मारायचं. ते उलटं फिरलं तर मनगट जायचं, म्हणून अंगठा बाकीच्या बोटांबरोबर एकाच बाजूला ठेवायचा, हे आम्हांला सायकल यायच्या आधी शिकवलं होतं.

ट्रंकेतल्या अंकांचा सगळ्यांत चांगला वाचक मात्र मामा नव्हते. तो मान कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींचा. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण त्या अंकांत मधल्या दोन पानांवर एक चित्र असायचं, आख्खी गाडी कापून दाखवलेली. पत्रा अर्धा काढलेला, आत इंजिन, इंजिनाच्या पोटात पिस्टन, गिअरबॉक्समधला प्रत्येक दाता, मागच्या आसापर्यंत जाणारा दांडा. ‘ऑटोकार’साठी मॅक्स मिलर आणि विक बेरिस, ‘मोटर’साठी क्रेसवेल आणि ब्रायन हॅटन ही चित्रं शाईने काढायचे. एका चित्रामागे कित्येक दिवसांचं काम असायचं. मेस्त्री दुपारी जेवण झालं की बाकड्यावर अंक पसरून ग्रीसचं बोट कागदाला न लावता रेषांवरून फिरवायचे. कधी न पाहिलेल्या गाडीचा गिअर कुठून तुटेल हे त्यांना चित्रावरून कळायचं. "मजकूर काय, विकायसाठी लिवलेला असतोय," ते म्हणायचे. "चित्र खोटं बोलत न्हाई." मामांनी भाषांतर करून दाखवायची तयारी दाखवली, तर त्यांनी नम्रपणे नको म्हटलं.

याच भागातला, आमच्यापासून तासाभरावरच्या इचलकरंजीतला शंकरराव कुलकर्ण्यांचा उद्योग मेस्त्रींनी ऐकलेला होता. कुलकर्ण्यांनी स्वतःच्या डोक्याने छोटी गाडी बनवली, पहिला नमुना 1949 चा, आणि पुढे वर्षानुवर्षं तिच्यात सुधारणा करत राहिले. तिचं नाव मीरा. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी, ‘नॅनो’च्या कितीतरी आधी. ती बाजारात कधी आली नाही. परवान्यांच्या त्या काळात कारखाना काढायला हुशारी पुरत नव्हती. मेस्त्रींच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हतं. नवल हे की माणसाने बनवून तर दाखवली.

आता म्हातारी माणसं हळहळतात आणि म्हणतात, त्या गाड्या काय गाड्या होत्या. मी हे मान्य करणार नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मे महिन्यात भट्टी झालेल्या सीटा, पावसात आत टपकणारं पाणी. इटलीत 1966 ला बंद झालेल्या गाडीचं रूप आपण जवळजवळ 2000 सालापर्यंत बनवत राहिलो, कारण गिऱ्हाईकाला दुसरीकडे जायला जागा नव्हती. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि तिने हे एका झटक्यात उघडं पाडलं. कुर्ल्यानेही 1985 मध्ये 118 एनई काढली, फियाट 124 च्या सांगाड्यात निस्सानचं इंजिन घालून, पण तोवर लोकांच्या नजरा मारुतीच्या गुडगावकडे वळल्या होत्या. मामा स्वतः, पहिली संधी मिळताच, मारुतीच घेऊन आले. वर म्हणाले, "चालते चांगली. पण बॉनेट उघडून बघण्यासारखं काही नाही."

हे त्यांचं वाक्य मला सगळ्या गोष्टीचं मर्म वाटतं. हळहळ गाडीबद्दल नाहीच. जी गाडी उघडता येत होती, समजून घेता येत होती आणि जिच्याबद्दल ती विकत न घेताही बोलता येत होतं, त्या गाडीबद्दलची ती आहे. नव्वदीनंतर आपल्याकडेही चकचकीत कागदावरची मोटारींची मासिकं आली. ‘ओव्हरड्राइव्ह’ 1998 चं, ‘ऑटोकार’ची भारतीय आवृत्ती 1999 ची. आकडे आपल्या रस्त्यांवर मोजलेले, गाड्या आपल्याला मिळणाऱ्या. ही प्रगतीच. पण वाचक बदलला. तो आता गिऱ्हाईक झाला आणि त्याचा प्रश्न एकच: घेऊ का नको? मामांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, म्हणून ते शर्यतीपासून शाईच्या चित्रापर्यंत सगळं वाचू शकले. नव्या अंकात कापलेल्या गाडीचं चित्र शोधून न सापडल्यावर मेस्त्रींनी अंक मिटून परत दिला होता.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावर नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, फोटो छापले. बरं केलं. जुन्या कारखान्याच्या बाजूला कुर्ल्यात प्रीमियर रोड नावाचा रस्ता आहे, त्यावर आता मोटार बनत नाही.

विलायती अंकांची काळजी करायचं कारण नाही. ‘मोटर स्पोर्ट’ने 1924 पासूनचे आपले अंक जपून संगणकावर आणले आहेत, जेन्किन्सनची हकिकत आजही वाचता येते. काळजी आहे ती इथल्या कागदांची. बुकिंगची पावती, नंबर लागल्याचं पत्र, सर्व्हिस मोटारीचं तिकीट, कारखान्याचा गेटपास, गॅरेजमधली मेस्त्रींची ग्रीस लागलेली वही, दसऱ्याला हार घालून काढलेला गाडीचा फोटो. हे दुसऱ्या कुणी जपलेलं नाही आणि लंडनहून येणारही नाही. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर ते रद्दीत घालायच्या आधी घरातल्या थोरांना विचारा, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: गाडी कोणती, साल कोणतं, गाव कोणतं आणि हँडल मारणारा कोण.